एडीएचडी : निदान, औषध आणि त्यानंतरची शिकवणी

मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं, कामाला लागणं आणि वेळ सांभाळणं मेंदूच्या जडणघडणीमुळेच अवघड जातं, हे ऑगस्ट २०२४ मध्ये कागदावर आलं, तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. लहान मुलांच्या एडीएचडीबद्दल मराठीत बऱ्यापैकी वाचायला मिळतं. पण नोकरी, संसार, बिलं, मुलीची शाळा हे सगळं चालू असताना मोठ्या माणसाने पुण्यात नेमकं कुणाकडे जायचं, पैसे किती लागतात, औषध मिळतं का आणि औषध सुरू झाल्यावर पुढे काय, हे मला एका जागी कुठेच सापडलं नाही. म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. सिव्हिल इंजिनिअर आहे, एका कन्सल्टन्सीत बिलिंग बघते.

बरीच वर्षं मी साइटवर होते आणि तिथे माझं छान चालायचं. साइटवर काम समोर येऊन उभं राहतं. काँक्रीटची गाडी आलेली असते, स्लॅब आजच भरायचा असतो, कुणीतरी हाक मारतंच. २०२२ मध्ये ऑफिसात बसायला लागले आणि हाक मारणारं कुणी उरलं नाही. बिल महिनाअखेरीला द्यायचं, मधले दिवस आपले आपण लावायचे. महिन्याचे पहिले तीन आठवडे मी त्या फाइलकडे बघत बसायची आणि शेवटच्या आठवड्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायची. घरी तेच. शाळेची फी, गॅसचा नंबर, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं ‘करते, करते’ म्हणत शेवटच्या दिवसावर. मी अंगमेहनतीने नव्हे, तर सतत काहीतरी निसटतंय या धास्तीने थकले होते.

फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घेतलं. हे तुम्हीही आधी करा. यातल्या कमतरतांनीसुद्धा लक्ष लागेनासं होतं आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञ हे रिपोर्ट मागतातच. माझे रिपोर्ट ठीक होते.

फेब्रुवारीत मी जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची प्रश्नावली भरली. तिचं नाव एएसआरएस. अठरा प्रश्न असतात, त्यातले पहिले सहा चाळणीसाठी. त्यातून फक्त ‘तज्ज्ञांना भेटावं का’ एवढंच कळतं, निदान होत नाही. निदानासाठी २०१३ पासून डीएसएम-५ या मानसोपचाराच्या संदर्भग्रंथातले जे निकष वापरले जातात, त्यात लक्ष न लागण्याची नऊ आणि अतिचंचलतेची नऊ लक्षणं आहेत. मोठ्या माणसात यांपैकी कुठल्यातरी एका गटातली किमान पाच हवीत, काही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असायला हवीत, आणि घर, काम अशा किमान दोन ठिकाणी ती दिसायला हवीत. ही बारा वर्षांची अट नीट लक्षात ठेवा. पुढचा निम्मा खटाटोप त्यासाठीच असतो.

मे महिन्यात मी एका ठिकाणी गेले. तिथे दहा मिनिटांत ऐकून घ्यावं लागलं की इंजिनिअर झालात, नोकरी टिकवलीत, मग तुम्हाला कसला एडीएचडी? थोडा योगा करा. खाली येऊन मी रिक्षात बसले आणि घरापर्यंत रडत आले. आपण खरंच आळशी आहोत आणि आता आजाराचं निमित्त शोधतोय, असं वाटून पुढचा महिना मी कुणाला फोनच केला नाही. असं कुणाच्या वाट्याला आलं असेल तर एवढंच सांगेन की दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, शांत बसणाऱ्या बायकांचं निदान उशिरा होतं, कारण त्या वर्गात बाकावर उभ्या राहत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या.

दुसऱ्यांदा मी फोनवरच विचारायला लागले, ‘डॉक्टर मोठ्यांचं एडीएचडी बघतात का?’ रिसेप्शनवरच्या माणसाला उत्तर माहीत असतं. दोन-तीन ठिकाणी ‘नाही, लहान मुलांचंच’ असं सरळ सांगितलं, त्यामुळे हेलपाटा आणि फी दोन्ही वाचलं. कर्वे रस्त्यावरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली, ती नेमकी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतानाची. रस्ते बंद, म्हणून ती पुढच्या आठवड्यात गेली. पहिल्या भेटीची फी १,८०० रुपये, नंतरच्या प्रत्येक भेटीची १,०००.

त्यांनी पाऊण तास दिला. झोप, घोरणं, चिंता, नैराश्य, दारू-सिगारेट, घरात कुणाला हृदयविकार, सगळं विचारलं. रक्तदाब आणि वजन घेतलं, ईसीजी काढून आणायला सांगितला, कारण काही औषधांनी नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो. मग सविस्तर तपासणीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. इथे एक गोष्ट बघून घ्या : भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी आहे ना. नोंदणी क्रमांक विचारला तर चांगल्या माणसाला राग येत नाही.

तपासणी दोन बैठकांची, ७,००० रुपये. पहिलीत माझी लांबलचक मुलाखत झाली. दुसरीला लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी हवं होतं आणि शाळेचे जुने कागद. सांगलीहून आई आली. येताना ट्रंकेतली प्रगतिपुस्तकं पिशवीत घालून घेऊन आली. बैठक २५ जुलैला ठरली होती. त्या दिवशी खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, बाहेर पडायची सोयच नव्हती. आई आठवडाभर जास्त राहिली.

चौथीच्या प्रगतिपुस्तकात बाईंचा शेरा होता : ‘हुशार आहे, परंतु वर्गात लक्ष नसते. वह्या अपूर्ण.’ सायकॉलॉजिस्टनी त्याचा फोटो काढून घेतला आणि आईला विचारलं, लहानपणी या कशा होत्या?

‘‘हुशार होती हो मॅडम,’’ आई म्हणाली. ‘‘पण साखर आणायला पाठवली तर वाटेत मांजराची पिल्लं बघत बसायची, पैसेसुद्धा तिथंच ठेवून यायची. दहावीपर्यंत रोज सकाळी मी दारात बसून हिचं दप्तर भरलं. वेळापत्रक मलाच पाठ होतं.’’

‘‘तुम्ही दप्तर भरलं नसतं तर काय झालं असतं?’’

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘मी हिला फार बोलले हो. धांदरट म्हटलं, निष्काळजी म्हटलं. चार लोकांत बोलले.’’ आणि तिला रडू आलं. सायकॉलॉजिस्ट तिला म्हणाल्या, ‘‘आई, तुम्ही दहा वर्षं जे केलंत ना, तेच आता आम्ही यांना शिकवणार आहोत. फक्त तुमच्या जागी वस्तू बसवणार.’’

त्यानंतर वर्षभर मी जे काही शिकले ते या एका वाक्यात होतं, पण ते कळायला वेळ लागला.

निदान ‘प्रामुख्याने लक्ष न लागण्याचा प्रकार’ असं आलं. एक दिवस हलकं वाटलं. मग बरेच दिवस वाईट वाटत राहिलं. बारावीचं वर्ष, हातातून गेलेल्या दोन नोकऱ्या, नवऱ्याशी झालेली भांडणं, सगळं पुन्हा डोळ्यांपुढून गेलं. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्के दिसतो, हे वाचल्यावर बाबा आठवले. त्यांनी आयुष्यभर चष्मा शोधला आणि लोकांची बोलणी खाल्ली. मुलीबद्दल डॉक्टरांनी सांगितलं की एवढ्यावरून तिच्यावर शिक्का मारू नका. शाळेत अडचण दिसली तर बघू.

आता औषधाबद्दल, कारण इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात. मला मिथाइलफेनिडेट दिलं गेलं. हे औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं आणि अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कक्षेतही. त्यामुळे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि त्याला ती दोन वर्षं जपावी लागते. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार हे औषध व्हिडिओ कॉलवरून लिहून देता येत नाही, त्यामुळे डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटणं आलंच. शेड्यूल एक्सचा परवाना सगळ्या केमिस्टांकडे नसतो. घराजवळच्या दुकानात चिठ्ठी दाखवल्यावर तिथल्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ‘असलं आम्ही ठेवत नाही’ म्हणाला. लाज वाटण्यासारखं त्यात काहीही नाही, तरी त्या क्षणी वाटली. कुठल्या दुकानात मिळतं ते क्लिनिकमध्येच विचारून घ्या, जाण्याआधी फोन करा, आणि आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची सोय करा. ज्यांना हे औषध चालत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅटोमॉक्सेटिन आहे. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात.

मला दुपारची भूक गेली, तोंड कोरडं पडायचं. न्याहरी भरपेट करून मग गोळी घ्यायला लागले, तेव्हा जमलं. फायदा काय झाला? काम सुरू करताना छातीवर जो धोंडा असायचा तो हलका झाला. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की औषधाने लक्ष लागेल, ते कशावर लावायचं हे औषध ठरवत नाही. त्यासाठी ऑगस्टअखेरीपासून त्याच सायकॉलॉजिस्टकडे दर आठवड्याला सत्रं सुरू केली. एका सत्राचे १,५०० रुपये. मोठ्यांच्या एडीएचडीसाठी बेतलेली सीबीटी, असं त्या प्रकाराचं नाव. सीबीटी म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती.

पहिल्याच सत्रात त्यांनी विचारलं, कंटाळवाण्या कामात तुमचं लक्ष किती मिनिटं टिकतं? मी म्हटलं अर्धा तास. त्यांनी मोजायला सांगितलं. मी एका आरए बिलातलं, म्हणजे चालू बांधकामाच्या टप्प्याटप्प्याने येणाऱ्या बिलातलं, स्टील तपासायला घेतलं. बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळ्यांचा तक्ता, एका बाजूला, मोजमाप पुस्तिका दुसऱ्या बाजूला, एकेका बीमच्या सळ्यांचा व्यास, लांबी, नग ताडून बघायचं. मन पहिल्यांदा दुसरीकडे गेलं की घड्याळ बघून लिहायचं. बारा मिनिटं. पुन्हा तेवढीच, कधी दहा. मग त्यांनी कामच तेवढं कापायला लावलं. ‘बिल तपासणे’ असं न लिहिता ‘दुसरा मजला, बीम एक ते सहा’ एवढंच लिहायचं. टायमर बारा मिनिटांचा. शेजारी एक कोरा कागद. मधेच ‘अगं, मीटरचं रीडिंग पाठवायचंय’ असं मनात आलं की ते कागदावर लिहायचं, उठायचं नाही, परत बीमवर यायचं. टायमर वाजला की कागद वाचायचा. त्यातल्या बहुतेक गोष्टी लगेच करण्यासारख्या नसतातच, हे रोज दिसायला लागलं. हा कागद मला औषधाइतकाच उपयोगी पडला. आधी मी तो विचार विसरेन या भीतीने उठायची. कागदावर उतरला की ती भीती जायची.

वेळेच्या अंदाजाचंही तसंच. कर्वेनगरहून शिवाजीनगरला ऑफिसला जायला किती वेळ लागतो? वीस-पंचवीस मिनिटं, हे माझं वर्षानुवर्षांचं उत्तर. आठवडाभर लिहून काढलं : चपला घालण्यापासून गाडी सुरू होईपर्यंत नऊ मिनिटं, कारण लिफ्ट, हेल्मेट, परत वर जाऊन डबा. कर्वे रस्ता आणि डेक्कनचे सिग्नल धरून तीस. पार्किंग शोधून खुर्चीत बसेपर्यंत आणखी दहा. म्हणजे पन्नासच्या आसपास. इमारतीच्या बारचार्टमध्ये मी सेंटरिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) काढायचेही दिवस धरते, पण स्वतःच्या सकाळीत लिफ्ट धरली नव्हती. आता कुठल्याही कामाचा अंदाज वहीत आधी लिहिते, झाल्यावर खरा वेळ शेजारी लिहिते. माझा अंदाज साधारण दुप्पट करावा लागतो, हे कळल्यावर ‘पोचते दहा मिनिटांत’ असं कुणाला सांगणंच थांबलं.

आणि आईच्या जागी बसवलेल्या वस्तू. दाराशेजारी, हात पोचेल अशा उंचीवर एक स्टीलचा ट्रे. किल्ली, ओळखपत्र, पाकीट तिथेच. घरात शिरताना चप्पल काढायच्या आधी ट्रे. उद्या न्यायची फाइल ट्रेखाली अशी ठेवायची की ती हलवल्याशिवाय किल्ली उचलता येणार नाही. गोळी चहाच्या डब्याला चिकटवलेल्या सात कप्प्यांच्या डबीत. वीजबिल, विमा, म्युच्युअल फंड आपोआप बँकेतून. फोनमधल्या रिमाइंडरचा मला काही उपयोग झाला नाही, कारण तो भाजी फोडणीला टाकताना वाजतो आणि हाताने बंद केला की संपला. आठवण डोक्यात किंवा खिशात नको. जिथे ते काम करायचं त्या जागेवर हवी.

एकटीने न होणारी कामं रविवारी सकाळी ताईबरोबर करते. ती नाशिकला, मी इथे, व्हिडिओ कॉल चालू, दोघी गप्प. ती शिवण घेऊन बसते. मिळकतकरातल्या चाळीस टक्के सवलतीचा पीटी-३ अर्ज, त्याला लागणारे कागद, सगळं तसंच पूर्ण झालं. समोर कुणी असलं की मी उठत नाही, एवढं साधं आहे ते. ‘‘अगं, मी काय करायचं पण?’’ असं ताईने पहिल्यांदा विचारलं. काही नाही, नुसती बस.

मग गणपती आले. ७ सप्टेंबरला गणपती, १० तारखेला गौरी, घरात पाहुणे, सांगलीची मंडळी. ट्रेवर दूर्वा आणि पंचपाळं, कोरा कागद बेपत्ता, वही बंद. सगळं पार मोडून पडलं. विसर्जनानंतरच्या सत्राला मी घाबरतच गेले. त्या म्हणाल्या, ‘‘मोडणारच होतं. आता आपल्याला खरं काम करता येईल.’’ त्यांचं म्हणणं असं की एडीएचडी असलेल्या माणसाची कुठलीही पद्धत काही आठवड्यांनी मोडते. नावीन्य संपतं, सण येतो, आजारपण येतं. आणि मग ती पद्धत टाकून देऊन आपण नवी डायरी आणायला अप्पा बळवंत चौकात जातो. म्हणून पद्धत निवडताना ती किती चांगली आहे यापेक्षा मोडल्यावर दहा मिनिटांत परत सुरू होते का, ते बघायचं. पानं आखून, रंग लावून केलेला प्लॅनर यात नापास होतो, कारण रिकामी गेलेली पानं आपल्याकडे बघत राहतात. कोरा कागद पास होतो, त्याला कालचा दिवस नसतो.

आम्ही एक कार्ड लिहिलं, ते कपाटाच्या आतल्या बाजूला लावलं आहे. त्यावर तीनच ओळी : ट्रे रिकामा कर. डबीत गोळ्या भर. ताईला रविवारची वेळ विचार. बाकी काही मोडलं असलं तरी चालेल, या तीनपासून सुरू. दिवाळीत ते लागलं, मुलीच्या परीक्षेत लागलं. नवऱ्यालाही दाखवून ठेवलं आहे. तो आता ‘परत विसरलीस?’ म्हणत नाही, ‘कार्ड काढायचं का?’ विचारतो. यासाठी त्याला एका सत्राला घेऊन गेले होते आणि त्या १,५०० रुपयांचं मोल मी सगळ्यात जास्त मानते.

ऑफिसात निदान सांगितलं नाही. फक्त साहेबांना विनंती केली की तोंडी सांगितलेलं काम मेलवर एका ओळीत द्या आणि सकाळचा पहिला तास मीटिंग ठेवू नका. दोन्ही त्यांनी लगेच मान्य केलं. ग्रुप मेडिक्लेममधून ओपीडीचे पैसे मिळाले नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे, पण आमच्या पॉलिसीत कुठलीच ओपीडी नाही, मग हीही नाही. काहीजण दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल विचारतात : २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत एडीएचडी नाही.

मार्च २०२५ पर्यंत सगळं मिळून साधारण पंचेचाळीस हजार रुपये खर्च झाले, त्यात सत्रांचा वाटा सर्वांत मोठा. नोव्हेंबरपासून सत्रं पंधरा दिवसांनी केली, आता दोन महिन्यांतून एकदा. एवढा खर्च झेपणारा नसेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. सकाळी लवकर जा आणि दिवस मोकळा ठेवा. नुसतं बोलायचं असेल, कुठून सुरू करावं कळत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास आणि मराठीत बोलता येतं.

पहिल्या भेटीला जाताना रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि गेल्या महिन्यात काय काय अडलं त्याच्या पाच-सहा ओळी लिहून न्या, कारण समोर बसल्यावर आठवत नाही. आई-वडील नसतील किंवा त्यांना यात आणायचं नसेल तर मोठं भावंड, शाळेपासूनची मैत्रीण चालते. प्रगतिपुस्तक सापडलं नाही तरी मुलाखतीवर काम होतं, तेवढ्यासाठी अडून राहू नका.